सरकणारी सीट अन् बायकोचा पाट

बसण्यातलं मला जेवढं कळते तेवढं अख्ख्या जबलपुरात कोणाला कळत नाही. पण माझ्याच गाडीची सीट खराब आहे हे समजायला मला लग्नाचा एक पूर्ण सीझन लागला, अन् तेही बायकोनं दाखवलं तेव्हा.

आधी धंदा सांगतो. कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत माझं टेंट हाउस आहे. लग्न, मुंडन, तेरवी, ज्याचं जे असेल त्याला मी खुर्च्या, दऱ्या म्हणजे सतरंज्या, गाद्या देतो. अन् नवरा-नवरीचा तो लाल मखमली सोफाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. तिथं बसायला कमी भेटलं, बहुतेक उभाच राहायचो, तेही वर्गाच्या बाहेर. त्याचाच बदला म्हणून पुढं खुर्च्यांचा धंदा काढला असेल.

आमच्या धंद्यात मोडकी खुर्ची कोणी फेकत नाही. पाय हलून राह्यला तं तार बांधायची. मखमली सोफ्याचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली वीट ठेवतो अन् वरून झालर सोडतो. त्या विटेवर किती जणांचे संसार सुरू झाले, एकही नवरी कलली नाही. हलणारी खुर्ची शेवटच्या रांगेत लावायची अन् नजर ठेवायची. एखादा वजनदार माणूस तिकडं चालला की मी धावत जातो, हात जोडतो, "काकाजी, तुमच्यासाठी पुढं जागा ठेवली आहे," म्हणून त्याला वाजतगाजत पहिल्या रांगेत आणून बसवतो. काकाजी खूश. त्यांना वाटते मान दिला.

एवढी अक्कल असलेल्या माणसाच्या हातात कार आली, मंग काय होणार?

गाडी नवी घेतलेली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले, सगळं केलं. दोन-तीन वर्षं बिचारी नीट चालली. मंग एक दिवस मदन महालच्या चढावर मी पेडल दाबलं अन् पेडल माझ्यापासून दूर गेलं. म्हणजे पेडल तिथंच होतं, मीच सीटसकट मागं गेलो होतो. पाय हवेत, हातात स्टिअरिंगचं टोक, अन् मागून लोक हॉर्न वाजवून राह्यले. कशीबशी गाडी बाजूला घेतली. बायको शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडं वरून खालपर्यंत पाह्यलं अन् म्हणाली की वजन कमी करा.

मला पटलं. खरं सांगतो, मला एकदाही वाटलं नाही की सीटमध्ये दोष असेल. खुर्ची मोडली तं बसणाऱ्याचीच चूक, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, अन् नुकसान त्यांच्याकडून भरून घेत आलो. तं मी सकाळच्या पोह्यासोबतची जलेबी सोडली. ज्याला जबलपुरातली सकाळ माहीत आहे त्याला कळेल मी काय सोडलं. दुकानासमोरचा हलवाई विचारायचा, घरी काही झालं का. मी वाळून राह्यलो होतो अन् सीट सरकूनच राह्यली होती.

मंग डावी सीट सरकली. तिच्यात बायको बसली होती. आता मला सांगा, मी काय बोलणार? माझ्या बाबतीत तिनं जे एका झटक्यात सांगतलं, तेच मी तिच्या बाबतीत बोललो असतो तं आज हे सांगायला मी नसतो. मी म्हणलं, रस्ता खराब आहे.

अन् मंग मी माझ्या धंद्याचा इलाज केला. माझ्या सीटच्या मागं एक दरी घडी करून ठासली. डाव्या सीटला काहीतरी टणक पाहिजे होतं. दुकानातलं काही मापात बसेना. घरी बायकोचा सागवानी पाट होता, पितळी फुलं ठोकलेला, तिच्या आईकडून आलेला. ती भाजी आणायला गेली तेव्हा मी तो उचलला अन् गाडीत आडवा घातला. एक कड पुढच्या सीटच्या पाठीला, दुसरी मागच्या सीटच्या पायाला. असा बसला, जसा सुतारानं माप घेऊन बनवला. वर पायपुसणं टाकलं. सीट जागची हलेना. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी एक जलेबी खाल्ली.

त्याच सुमाराला ते फोन सुरू झाले. एक बाई, आवाज गोड, हिंदी एकदम शुद्ध. म्हणे तुमच्या मॉडेलच्या पुढच्या सीटांमध्ये खराबी निघाली आहे, कंपनी सगळ्या गाड्या परत बोलावून राह्यली, सीट फुकट दुरुस्त करून देऊ. फुकट म्हणल्यावर मी सावध झालो. आजकाल फोन लावला की आधी टेपच वाजते, फसवणाऱ्यांपासून सांभाळून राहा. अन् मला आयुष्यात कोणी पाण्याचा ग्लास फुकट दिला नाही, तिथं मोटार कंपनी सीट देणार?

दुकानात दोन-चार मित्र बसलेच होते. दुसऱ्यांदा फोन आला तं मी स्पीकरवर टाकला. म्हणलं, "दीदी, सीट रहने दो, पूरा सोफा भेज दो. शादियों में काम आएगा."

मित्र हसले. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली की सर, ही मजाकची गोष्ट नाही, दुरुस्ती होईपर्यंत पुढं कोणाला बसवू नका. मी म्हणलं, मंग काय छतावर बसवू? पुन्हा हशा. मी फोन ठेवला अन् सगळ्यांना सांगतलं की पाहा, ठग असे ओळखायचे असतात. मेसेजही आला होता. तो इंग्रजीत होता. इंग्रजीशी मी कधी भांडत नाही, नमस्कार करतो अन् पुसून टाकतो.

आता पोरीचं सांगतो, कारण ही सगळी गोष्ट शेवटी तिच्यावरच येते.

आमची एकच पोरगी, शहपुऱ्याला दिली. जावयाचं तिथं बी-बियाण्याचं दुकान आहे. घर विहीणबाईंच्या हातात आहे, अन् चांगल्या हातात आहे. पोरीला सातवा महिना होता. आधीचं एक राह्यलं नव्हतं. म्हणून या वेळी सगळे श्वास धरून होते. डॉक्टरीणबाईंनी सांगतलं होतं, हादरे नको, धक्के नको. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलं. आठवा लागायच्या आत तिला घरी आणायची, डोहाळजेवण करायचं अन् मंग इथंच ठेवायची. पोरीला गाडीत मागं बसलं की उलटी होते. तं पुढच्याच सीटवर, सीट थोडी मागं पाडून, हळूहळू आणायची असं ठरलं.

विहीणबाई म्हणत होत्या, आमच्या ओळखीची मोठी गाडी आहे, तिच्यातून पाठवतो. मी म्हणलं छे, लेकीला आणायला बापाचीच गाडी येईल, सोफ्यासारखी आहे. आपल्या सोफ्याखाली वीट असते, हे मी त्या वेळी विसरलो होतो.

इकडं घरात बायको पाट शोधून राह्यली होती. डोहाळजेवणाला पोरीला त्याच पाटावर बसवायचं होतं. तिची आई त्याच्यावर बसली होती, ती बसली होती, आता पोरगी. माळा पाह्यला, पलंगाखाली पाह्यलं, शेजारी विचारलं. शेवटी ती गोदामात आली अन् माझ्या माणसांना विचारलं की कोणाच्या सत्यनारायणाला तं दिला नाही ना. अन् मी, म्हणजे ज्यानं पाट नेला तोच, त्यांच्यावर ओरडलो. म्हणलं, घरची वस्तू आहे ती, काही लाज आहे का नाही. ती माणसं बिचारी खाली मान घालून ऐकत होती. त्यातल्या एकानं तं माफीही मागितली.

माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. पाट काढला तं सीट सरकते, नाही काढला तं बायको. ठरवलं की पोरीला घेऊन येतो, गाडीतून उतरवतो, अन् पाट हळूच देवघरात ठेवून देतो. बायकोला सांगीन, इथंच तं होता, तुझ्या डोळ्यांना काय झालं.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं गाडी पुसायला घेतली. पोरीसाठी उशी, गोधडी, सगळं लावून पाहत होती. मी ओट्यावर चहा पिऊन राह्यलो होतो. तिनं पायपुसणं झटकायला उचललं अन् तशीच वाकून राह्यली. मला वाटलं कंबर धरली.

"हा इथं काहून आहे?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तिला सगळं सांगतलं. सीट सरकते, पाट लावला की सरकत नाही, मी कसा डोकं लावून उपाय काढला, सगळं. मला वाटलं पाटावरून दोन शिव्या बसतील अन् विषय संपेल. तिनं पाट काढून ओट्यावर ठेवला, पुढच्या सीटवर बसली अन् म्हणाली की मैदानाकडं घ्या.

गल्लीच्या टोकाला मैदान आहे, सकाळी रिकामं असते. तिनं सांगतलं, जरा वेगात चालवा. चालवली. मंग म्हणाली, ब्रेक मारा. मी मारला.

मी इतके दिवस फक्त मागचं पाह्यलं होतं. सीट पुढंही जाते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खट आवाज आला अन् बायको सीटसकट पुढं गेली, गुडघे डॅशबोर्डला आपटले, दोन्ही हातांनी तिनं स्वतःला रोखलं. गाडी थांबली. तिनं गुडघे चोळले नाही. डॅशबोर्ड अन् आपलं पोट, यांच्यामध्ये किती जागा राह्यली, ते तिनं हात घालून पाह्यलं. हात काही नीट जाईना.

मंग ती माझ्याकडं वळली. लग्नापासून तिनं मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"इथं तू पोरीला बसवणार होता?"

माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीवर काही ना काही तयार असते. लोक म्हणतात, हा तिरडीवरूनही उत्तर देईल. त्या दिवशी मात्र मला दुसरंच आठवलं. महिन्याभरापूर्वी मी पोरीला शहपुऱ्याहून डॉक्टरीणबाईंना दाखवायला आणलं होतं. याच सीटवर. ती मान टाकून झोपली होती अन् मी तिला हसवायच्या नादात बोलतच होतो. रस्त्यात एक बैल आडवा आला. मी ब्रेक मारला होता, बराच जोरात. तिनं डोळे उघडले, म्हणाली काय झालं बाबा, अन् पुन्हा झोपली. त्या दिवशी सीट जागची हलली नाही. काहून नाही हलली, हे मला आजही माहीत नाही. मी त्याच्यासाठी काही केलं नव्हतं.

हे मी बायकोला सांगतलं नाही. मैदानात गाडी उभी करून ते फोन सांगतले, सोफा भेज दो वालेसुद्धा. तिनं ऐकलं अन् म्हणाली की आता विहीणबाईंना फोन लावा अन् तुमच्याच तोंडानं सांगा. पुन्हा तुम्ही म्हणाली, तेव्हा जरा जीव आला.

विहीणबाईंना सांगणं म्हणजे काय असते ते मुलीच्या बापालाच विचारा. मी पाटापासून फोनपर्यंत सगळं सांगतलं, मध्ये दोन ठिकाणी हसवायचाही प्रयत्न केला. त्या शेवटपर्यंत ऐकत राह्यल्या अन् एवढंच म्हणाल्या, "अच्छा." मंग म्हणाल्या की सीट दुरुस्त झाली की या, मी बसून पाहीन. नाही झाली वेळेत तं आमची गाडी आहेच. शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी मी गाडी घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. एकटाच, शेजारची सीट रिकामी ठेवून, बैलगाडीच्या चालीनं. मागून एका ऑटोवाल्यानं विचारलं की भैया, धक्का मारू का.

काउंटरवर एक पोरगी बसली होती. मी गाडीचा नंबर सांगतला अन् सीटचं विचारलं. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं.

"अच्छा, आप सोफे वाले अंकल हैं."

आवाज तोच. आजूबाजूचे तिघं-चौघं वळून पाहायला लागले, म्हणजे गोष्ट तिथंही सगळ्यांना माहीत होती. मी हात जोडले, म्हणलं दीदी, चूक झाली. ती म्हणाली की अंकल, तुम्ही तं निदान हसवलं, बाकीचे शिव्या देतात. अन् लगेच विचारलं की पुढं कोणी बसून तं नाही राह्यलं ना. मी नाही म्हणलं. ती एवढ्यानंच निश्चिंत झाली. माझ्या पोरीची काळजी एक अनोळखी पोरगी फोनवर करत होती, अन् मी स्पीकर लावून दात काढत होतो.

सुटे भाग बाहेरून यायचे होते. ते यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत मी घरात मांजरासारखा वावरलो. पाट देवघरात होता, बायको माझ्याशी कामापुरतं बोलायची. गोदामात जाऊन मी माणसांना सांगतलं की पाट मीच नेला होता. ते म्हणाले की मालक, आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आम्हीच तं गाडी धुतो.

बोलावणं आलं तसा मी सकाळीच जाऊन बसलो. वर्कशॉपवाल्यांनी दोन्ही सीटा बाहेर काढल्या. माझ्या सीटमागून दरी निघाली तं सगळे गोळा झाले. एकानं विचारलं की हे कोणत्या कंपनीचं आहे. मी म्हणलं, माझ्याच. खालची पट्टी, जिच्यावर सीट पुढं-मागं होते, ती त्यांनी दाखवली. तिच्यातला अडकवायचा खटका नीट बसतच नव्हता, बनतानाच तसा आलेला. म्हणजे माझ्या वजनाचा काही संबंध नव्हता. मी दोनदा विचारून घेतलं, अन् बायकोला सांगता यावं म्हणून तिसऱ्यांदाही विचारलं.

संध्याकाळी गाडी घेऊन सरळ घरी आलो. बायकोला बसवलं, पुन्हा मैदानात नेलं. हळू ब्रेक, जोरात ब्रेक, चढ, उतार. तिनं पुढून ढकललं, मागं रेटलं, दोन्ही हातांनी हिसकून पाह्यलं. सीट भिंतीसारखी. मंग ती मागं टेकली अन् तिनं डोळे मिटले. मी इंजिन बंद केलं. कोणाचं तरी क्रिकेट चालू होतं. माझ्या छातीवरचा दगड तिथंच त्या मैदानात उतरला. परत येताना हलवायासमोर तिनंच गाडी थांबवायला लावली अन् जलेबी घेऊन दिली. पूर्ण पुडा माझ्या हातात दिला. माफीचा यापेक्षा मोठा कागद आमच्या घरात निघत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहपुऱ्याला गेलो. विहीणबाई अंगणातच उभ्या होत्या. चहा नंतर, म्हणाल्या, आधी गाडी. पदर खोचून पुढच्या सीटवर बसल्या. विहीणबाई तब्येतीनं चांगल्या आहेत, म्हणजे माझ्या मांडवात मी त्यांना पहिल्याच रांगेत बसवलं असतं. जावयाला म्हणाल्या, चालव. जावयानं रस्त्यावर नेऊन दोन चकरा मारल्या. आम्ही फाटकापाशी उभे राहून ब्रेकचे आवाज ऐकत होतो, पोरगी पायरीवर बसून आमच्यावर हसत होती. गाडी परत आली. विहीणबाई उतरल्या, चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी पोरीला हाताला धरून आणलं, सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली, पट्टा पोटाच्या खालून घेऊन स्वतः लावला. पोरगी मागं टेकली अन् म्हणाली की मस्त आहे.

मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच पहिल्यासारखा झालो. किल्ली घ्यायला हात पुढं केला अन् छाती काढून म्हणलं, विहीणबाई, आता डोळे मिटून पाठवा, बाप आहे सोबत.

विहीणबाईंनी किल्ली जावयाच्याच हातात राहू दिली अन् माझ्यासाठी मागचं दार उघडलं.

"भरवसा सीटचा आला, व्याहीजी, तुमचा नाही. गाडी माझा पोरगा चालवेल. तुम्ही मागं बसा."